दूरदृष्टी कोणाची म्हणायची?

आपल्या भागात वाढदिवसाचा फलक लागला की त्यावर 'दूरदृष्टीचे नेतृत्व' हे शब्द ठरलेलेच. त्याहून वरची पदवी 'द्रष्टा' आणि तीही पुष्कळदा 'दृष्टा' अशी चुकीची छापलेली. द्रष्टा म्हणजे पाहणारा. मंत्र ज्यांना दिसले त्या ऋषींना पूर्वी द्रष्टे म्हणत. आता गटारीवर फरशी घालणाराही त्यांच्या पंक्तीत बसतो.

शाळेतल्या विज्ञानात मात्र 'दूरदृष्टिता' हा डोळ्यांचा दोष आहे. लांबचे स्पष्ट, जवळचे धूसर. उपाय बहिर्गोल भिंगाचा चष्मा. सीमाप्रश्नावर पोटतिडकीने बोलणाऱ्या अनेकांना हाच दोष जडला आहे. दिल्लीतले कोर्ट दिसते, गल्लीतली मराठी शाळा दिसत नाही.

1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि ठराव करणारे बेळगावच बाहेर राहिले. म्हणून त्या मंडळींना दूरदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल? भाकीत खरे ठरणे वेगळे. भाकीत ज्योतिषीही करतो. दूरदृष्टीचा माणूस पुढचे ओळखून आजच गाठीचे पैसे घालतो, फळ आपल्या हयातीत मिळो न मिळो.

निपाणीकरांना उदाहरण शोधत लांब जायला नको. महाराष्ट्र राज्य झाले त्याच सुमारास देवचंद महाविद्यालय उभे राहिले, ते निपाणीला अगदी लागून, पण हद्दीपलीकडे, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. मुले निपाणीतून चालत जातात आणि पदवी घेतात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. जागा निवडावी ती अशी!

महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून प्रलंबित आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले आज मतदार आहेत. आमची जुनी घराणी 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात आणि जूनमध्ये नातवाला इंग्रजी माध्यमात घालतात. पोटापाण्याचा हिशेब आम्हालाही कळतो; पण घरी रोज अर्धा तास मराठी वाचून घ्यायला कोणत्याही सरकारची बंदी नाही. उद्या निकाल आपल्या बाजूने लागला, तर त्याची मराठी बातमी आजोबांना वाचून दाखवणारे घरात कोणी तरी हवे ना?

यापुढे अभिनंदनाच्या ठरावात 'दूरदृष्टी' हा शब्द घालायचा असेल, तर त्या गृहस्थाने पुढच्या पिढीसाठी नेमके काय केले तेही खाली लिहावे, अशी आमची सूचना आहे. दोन ओळी जास्त छापाव्या लागतील. तो खर्च मंडळ सोसेल.