आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जाण्याऐवजी मी मामांकडे सुरतेला गेलो होतो. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरले की डिंडोली फार दूर नाही. नाव गुजरातचे, पण गल्लीत शिरले की कानावर मराठी आणि अहिराणीच पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे पोटासाठी या भागात येऊन स्थायिक झाली आहेत. आमचे मामाही त्यांतलेच. यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करून त्यांनी दोन मुलांची शिक्षणे केली.

मामा माळकरी आहेत. दारूला कधी शिवले नाहीत. व्यसन म्हणाल तर बिडीचे. सात-आठ वर्षांपासून त्यांच्या पोटात वरच्या भागी दुखे आणि कळ थेट पाठीत जाई. "भाचा, पोटमा आग पडस रे," असे म्हणत ते पोट धरून पुढे वाकून बसत. पाळी चुकवली की रोज बुडतो, म्हणून नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणावयाची, ती चहाबरोबर घ्यावयाची आणि मागावर उभे राहावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुकानदाराने कधी चिठ्ठी मागितली नाही आणि मामांनी कधी नाव विचारले नाही. वजन उतरले, मधुमेह निघाला, तेव्हा कोठे पोटाची तपासणी झाली. स्वादुपिंडाच्या नळीत खडे धरलेले होते. रोगाचे नाव कळले: जुनाट स्वादुपिंडदाह. शेजारीपाजारी मात्र कुजबुजले, "चोरून पीत असला पाहिजे!"

मी विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून मामेभावाने एक बातमी माझ्यापुढे ठेवली. स्वादुपिंडाच्या या रोगावर दाहशामक औषधे उपयोगी पडण्याची शक्यता आहे, असे तीत होते. मामा चटकन म्हणाले, "म्हणजे मी खात होतो तीच गोळी ना? मग मी बरा का झालो नाही?" या साध्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. सुट्टीवरून परतल्यावर मी जे वाचले त्यातून जे मत बनले, ते या लेखात मांडीत आहे.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे आडवे पडलेले इंद्रिय. अन्न पचविणारे तीव्र रस ते तयार करते आणि इन्सुलिनही तेथेच बनते. हे पाचक रस आतड्यात पोचल्यावर जागे व्हावेत अशी निसर्गाची योजना आहे. ते पिंडातच जागे झाले तर पिंड स्वतःलाच पचवू लागते आणि दाह सुरू होतो. असा दाह पुनःपुन्हा झाला की पिंडातील तारकापेशी चेतवल्या जातात. १९९८ साली ऑस्ट्रेलिया व जर्मनी येथील संशोधकांनी या पेशी वेगळ्या करून दाखविल्या. त्या चिवट तंतू विणीत राहतात, मऊ पिंडाची जागा कठीण व्रण घेतो आणि नळीत खडे धरतात. पुढे अन्नातील स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि मधुमेह जडतो.

दाह हेच मूळ असेल तर दाहशामक औषध द्यावे, हा विचार वरकरणी बिनतोड वाटतो. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा काही औषधांनी तंतूंची वाढ मंदावल्याचे दिसलेही आहे. माणसांतही दोन ठिकाणी या विचाराला यश आले आहे. दुर्बिणीची नळी घालून पित्तनलिकेची व स्वादुपिंडाच्या नळीची तपासणी करतात, तेव्हा काही रोग्यांत स्वादुपिंडाला तीव्र दाह होतो. अमेरिकेत २०१२ साली ६०२ रोग्यांवरील चाचणीत गुदमार्गे इंडोमेथॅसिन दिले, तेव्हा या दाहाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.२ वर आले. दुसरे यश अधिक मोठे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच पिंडावर उलटते असा या रोगाचा एक विरळा प्रकार आहे. १९९५ मध्ये जपानी वैद्यांनी त्याला स्वतंत्र नाव दिले. या प्रकारात स्टेरॉइडने सुजलेले पिंड काही आठवड्यांत ओसरू लागते. ते औषधही दाहशामकच!

मग मामांच्या गोळीने काय बिघडले? आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांत ते एक होते. सांध्याच्या सुजेत या गोळ्यांचा गुण येतो. परंतु जुनाट स्वादुपिंडदाहाचे दुखणे एकट्या प्रोस्टाग्लँडिनचे नसते. खड्यांनी नळी तुंबून आतील दाब वाढलेला असतो, वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मज्जातंतू हळवे झालेले असतात. गोळी चार घटका कळ दाबते, पण खडा विरघळवीत नाही आणि विणलेला तंतू उसवीत नाही. इंडोमेथॅसिनला यश आले ते आग लागण्याच्या वेळीच पाणी पडले म्हणून. राख झाल्यावर ओतलेल्या पाण्याचा चिखलच होतो.

शिवाय या पाण्याचेही मोल द्यावे लागते. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे दुबळी होतात. मधुमेहाने आधीच ज्याच्या मूत्रपिंडांवर संकट आहे, त्याने त्या मनाने खाव्यात काय? स्टेरॉइडने तर रक्तातील साखर चढते. म्हणजे विरळ्या प्रकारात जे अमृत, तेच इतरांना विष ठरावयाचे. तेव्हा दाहशामक औषध चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या रोग्याला, कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारले पाहिजे.

कोणी म्हणेल, गरिबाला निदान आजचा दिवस ढकलू द्या, संशोधनाच्या गोष्टी त्याला काय कामाच्या? मला हे पटत नाही. उलट हे संशोधन आपल्या रोग्यांसाठी आपल्याच देशात झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आपला रोग पुष्कळदा पाश्चात्त्यांचा रोग नसतो. तिकडे दारू हे प्रमुख कारण. इकडे दारूचा थेंब न घेतलेली तरुण माणसे या रोगाने खंगतात. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे शेकडो रोगी तपासून या रोगाचे वर्णन केले. तेव्हा संशय टॅपिओकावर होता. पुढे २००२ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी अशा रोग्यांत एका जनुकातील दोषाचा निकट संबंध दाखविला. हे जनुक अवेळी जाग्या झालेल्या पाचक रसाला आवर घालणाऱ्या प्रथिनाचे आहे. मामांच्या शेजाऱ्यांनी हे वाचले असते तर कुजबुज थांबली असती!

याच फरकाचा दुसरा दाखला पाहा. २००९ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १२७ रोग्यांना सहा महिने ऑक्सिडीकरणविरोधी जीवनसत्त्वे व क्षार किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिली. औषध घेणाऱ्यांचे महिन्यातील दुखण्याचे दिवस ७.४ ने, तर इतरांचे ३.२ ने कमी झाले. २०१२ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथील चाचणीत मात्र अशाच औषधाचा काही लाभ दिसला नाही. तेथील रोगी बहुतेक मद्यपी व धूम्रपान करणारे होते. परक्यांची चाचणी जशीच्या तशी आपल्या अंगी लावता येत नाही, हाच याचा बोध.

ते औषध सापडेपर्यंत करण्यासारखे थोडे नाही. बिडी, सिगारेट आणि दारू सोडणे हा पहिला उपाय. केवळ धूम्रपानही या रोगाला खतपाणी घालते. जेवणाबरोबर पाचक रसांच्या कॅपसुली घेतल्या की अन्न अंगी लागते. नळी तुंबली असेल तर शस्त्रक्रिया फार लांबवू नये. नेदरलँड्समध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ८८ रोग्यांवरील चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचे दुखणे अधिक कमी राहिले.

मित्रहो, डिंडोली दूर असली तरी नाक्यावरचे ते औषधाचे दुकान आपल्या गावातही आहे. या अंकाच्या मराठी विभागाचे वाचक आणि कन्नड विभागाचे वाचक एकाच फळीसमोर उभे राहून "दुखण्याची एक गोळी द्या" म्हणतात. आपल्या घरी पोट धरून पुढे वाकून बसणारे कोणी असेल, कळ पाठीत जात असेल, तर त्याला गोळी आणून देऊ नका, हाताला धरून इस्पितळात न्या. आणि आपल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, शरीरशास्त्राच्या तासाला स्वादुपिंडाची आकृती काढून घेताना या रोगाविषयीही दोन शब्द सांगावेत.

मामांनी बिडी सोडली आहे. कॅपसुली आणि इन्सुलिन चालू आहे, शस्त्रक्रियेची तारीख ठरावयाची आहे. परवा फोनवर त्यांना मी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. थोडे थांबून ते म्हणाले, "हे आठ वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर!" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख लिहिला तो त्यासाठीच.