उतारवय आणि उतारू

सेवानिवृत्त माणसाने आपला वेळ कसा घालवावा, याविषयी उपदेश करणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वानवा नव्हती. नातवंडांना शाळेत पोचवावे, विजेची बिले भरावीत, पोथी वाचावी, सोसायटीच्या हिशेबात लक्ष घालावे आणि अंगात बळ असेल तर एकदा चारधाम करून यावे, असा हा साधारण कार्यक्रम असतो. पण नवरा-बायकोने सकाळी डबा भरून घ्यावा, जवळच्या धक्क्यावरून बोटीत बसावे, पैलतीरी दोन तास निरुद्देश हिंडावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, असे मात्र कोणी सुचवीत नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी नेमके हेच करीत आले आहेत. त्यांचे घर भाईंदरला. समोर वसई दिसते. पण रस्त्याने जावयाचे तर घोडबंदराला वळसा घालावा लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आणि हा वळसा चुकला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्याच्या तटाशी ही मंडळी उतरतात, पडक्या चर्चच्या भिंतींत मुळे रुतवून बसलेल्या झाडांखाली डबा सोडतात आणि परत फिरतात. कधी वर्सोव्याहून मढला, कधी मार्व्याहून मनोरीला. थंडीत एखाद्या वेळी घारापुरी. तिथल्या शंभराहून अधिक पायऱ्या दमादमाने चढून सुमारे वीस फूट उंचीच्या त्या महेशमूर्तीसमोर घटकाभर बसावयाचे. खर्च पाहिला तर एखाद्या लग्नाच्या आहेराइतकाही नाही.

यात नवल ते काय, असे कोणी विचारील. नवल आहे ते त्या बाईंच्या एका साध्या निरीक्षणात. गुरुजी निवृत्त झाले, त्यांचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले. आपण कधी निवृत्त झालो हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही, असे त्या म्हणाल्या. बोटीत बसल्यावर आपल्याला काही करावयाचे नसते, कोणी चहा मागत नाही, कोणाच्या येण्याची वाट पाहावयाची नसते, एवढ्यासाठीच आपण येतो, असे त्यांचे सांगणे. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या हजारो घरांत पस्तीस-चाळीस वर्षे चूल सांभाळलेल्या स्त्रीला रजेचा एकही अर्ज करता आलेला नाही. तिची पहिली रजा जर खाडीच्या पाण्यावर मंजूर होत असेल, तर या सहलीला चैन म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल.

आपल्या परंपरेनेही उतारवयाचा विचार असा कोता केलेला नव्हता. वानप्रस्थाश्रमात गृहस्थाने पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन्ही पर्याय शास्त्रकारांनी ठेवले होते. आज अरण्ये उरली नाहीत आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यापुढे बहुधा वीसेक वर्षांचे आयुष्य असते. संसारातून मन हळूहळू सोडवून घेण्याची, पण एकमेकांचा हात न सोडण्याची काही तरी सोय या दोघांना हवी. घराजवळचा जलविहार ही त्यातली सर्वांत स्वस्त सोय होय.

ही सोय करून देण्याच्या कामी शासन अगदीच उदासीन आहे, असे म्हणता यावयाचे नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. याउलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती केलीच. गोव्यात नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटींतून पायी उतारूला दीर्घकाळ विनामूल्य नेले गेले आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. परंतु प्रश्न केवळ भाड्याचा नाही. भाडे परवडणारे असूनही माणूस धक्क्यावरून परत फिरतो, तो पायऱ्यांमुळे.

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. सकाळी भरतीच्या वेळी ज्या पायरीवरून अलगद बोटीत पाऊल टाकले, ती दुपारी पाण्याच्या कितीतरी वर असते आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलेले असते. बोट हलत असते, कठडा नसतो, खलाशाने पुढे केलेला हात हाच एक आधार. तरुणाला याची मौज वाटते. गुडघे दुखणाऱ्या बाईला ती परीक्षा असते. यावर उपाय नाही असे नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हा उपाय सर्वपरिचित आहे. रो-रो बोटीला मोटारी चढविण्यासाठी सपाट उतार करावा लागतो. त्या उतारावरून आमचे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आज निर्धास्तपणे चालत जातात. जी सोय म्हाताऱ्या माणसासाठी इतकी वर्षे सुचली नाही, ती मोटारीसाठी तत्काळ सुचली!

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत तो दिवस पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरला गेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले. अशा वेळी मुले आईवडिलांना म्हणतात, कशाला जाता? त्यांची काळजी खोटी नाही. पण रस्त्यावर रोज माणसे मरतात म्हणून आपण रस्ते बंद करीत नाही. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर, क्षमतेहून एकही उतारू अधिक नाही, वादळी हवेत बोट बंद, ही शिस्त अपघातानंतर चार दिवस पाळावयाची आणि पाचव्या दिवशी जाकिटांची चळत पुन्हा बाकाखाली ढकलावयाची, ही आपली सवय मोडली पाहिजे. वृद्ध उतारूंनी तर जाकीट मागून घ्यावे आणि गर्दीची बोट सोडून द्यावी. त्यांना कचेरी गाठावयाची नसते. हाच तर निवृत्तीचा लाभ.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. त्या किनाऱ्याचा विचार निघाला की बडी बंदरे, आलिशान प्रवासी जहाजे आणि परदेशी पाहुणे यांचीच भाषा कानी पडते. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला, आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या साध्या बोटीत जो माणूस बसतो, त्याच्या गरजा फार थोड्या आहेत. धक्क्यावर कठडा, सावलीत एक बाक, स्वच्छ मुतारी, पिण्याचे पाणी आणि मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेले वेळापत्रक व भाडेपत्रक. या पाच गोष्टींसाठी परदेशी तज्ज्ञ बोलवावे लागत नाहीत. यांतील मुतारीचा अभाव स्त्रियांना किती जाचतो आणि त्यापायी किती जणी घराबाहेर पडण्याचेच टाळतात, हे मात्र पुरुष अधिकाऱ्यांना कोणी तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आमचे गुरुजी महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या भरवशावर बोटीचे तिकीट काढतात. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना राज्य शासनाने हे जुने निवृत्तिवेतन नाकारले आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना संप करावा लागला. निश्चिंत म्हातारपण हे आधी निश्चित उत्पन्नावर उभे असते. आज वर्गात उभ्या असलेल्या तरुण शिक्षकाला उद्या पत्नीसह खाडीपलीकडे निवांत जाता येईल की नाही, याचे उत्तर बोटीवाल्याकडे नाही. ते मंत्रालयात आहे.

तोपर्यंत ज्यांना जमेल त्यांनी थांबू नये. मुलांनी आईवडिलांना वाढदिवसाला आणखी एक शाल देण्यापेक्षा एका सकाळी धक्क्यापर्यंत पोचवावे, पायऱ्या उतरताना हात द्यावा आणि मग त्यांना त्यांचे दोघांचे राहू द्यावे. पैलतीर फार लांब नसतो. तिथवर सुखरूप जाऊन संध्याकाळी परत येता यावे, एवढीच या उतारूंची मागणी आहे.