चोवीस हजार किलोमीटर, तेरा वर्षे

जुन्या गाड्यांच्या धंद्यात सगळ्यात फसवा माल कोणता? अपघातातली गाडी किंवा पुरात बुडालेली गाडी आपल्यातला कोणीही बॉनेट उघडून, कार्पेट उचलून ओळखतो. फसवी असते ती बारा-तेरा वर्षांची, फर्स्ट ओनर, मीटरवर चोवीस हजार दाखवणारी. तिचा मीटर कुणी मागे केलेला नसतो. आकडा खरा असतो, आणि तो खरा आहे एवढे कळले की आपण पुढचे बघायचे सोडून देतो.

ही गाडी येते कुठून, तेही जवळपास ठरलेले आहे. मुलगा अमेरिकेत, त्याने आई-वडिलांना घेऊन दिलेली. कोथरूडच्या सोसायटीत कव्हर घालून उभी, आठवड्यातून एकदा भाजी आणि दवाखाना. नाहीतर मुंबईच्या चाकरमान्याने कोकणातल्या घरी ठेवलेली. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर वर्षभर पत्र्याच्या शेडखाली. मालक भेटले की पहिले वाक्य ऐकू येते, "अहो, गाडी चाललीय कुठे?" नव्या गाडीच्या किमतीवरून त्यांचा उलटा हिशेब मनात तयार असतो. त्यांना दोष देता येत नाही, गाडी त्यांनी खरोखर जपलेली असते. पण त्यांचे मन राखायला आपण भाव चढवून गाडी उचलली, की ती तीन-चार महिने आपल्या पैशावर यार्डात बसून राहते.

आकडे मांडून बघू. समजा २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, ऐंशी-नव्वद हजार चाललेली गाडी दोन लाखांना जाते. ही आपण एक लाख नव्वद हजारांना घेतली आणि दोन लाख तीस हजारांना विकली. चाळीस हजार सुटले असे वाटते. त्यातून चार टायर, बॅटरी, कूलंट, ब्रेक ऑइल, होज पाइप, एसीचे काम आणि मजुरी वजा करा. अठ्ठावीस हजार कुठे जातात कळत नाही. वर जीएसटी. जैसलमेरला डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेची बैठक झाली आणि त्यानंतर छोट्या गाड्यांचाही मार्जिनवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. हे मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. मधला अठ्ठावीस हजारांचा खर्च त्यात धरता येत नाही, हे अजूनही आपल्यातल्या अनेकांच्या लक्षात आलेले नाही. चाळीस हजारांत कर धरला तरी सहा हजारांवर तो निघून जातो. हातात सहा हजारही उरले नाहीत, आणि यार्डाचे भाडे अजून द्यायचे आहे. ज्या गाडीवर खर्च जास्त, त्या गाडीला हा कर जास्त जाचतो; आणि बसून राहिलेल्या गाडीवर खर्च जास्तच असतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. दहा वर्षांपुढच्या गाडीचा भाव आधी वर्षावर धरावा. कमी रनिंगचे जादा पैसे विकताना फार तर पंधरा टक्के मिळतील असे समजावे आणि खरेदीत त्यातला एक रुपयाही आगाऊ देऊ नये. वरच्या उदाहरणात खरेदी एक लाख पासष्टच्या आसपास बसायला हवी होती. काका नाराज होतील. त्यांना टायरवरचा चार आकडी शिक्का दाखवावा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ लिहिले असेल तर टायर जून २०१२ चा. नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी रबर लाकडासारखे झालेले असते, आणि हा टायर घालून गाडी एक्सप्रेसवेवर नेऊ नये हे त्यांनाही पटते. गंमत अशी की हाच शिक्का किलोमीटर खरे असल्याचा चांगला पुरावाही आहे. चोवीस हजारांत कोणी टायर बदलत नाही. मीटर वीस हजार सांगतो आणि टायर २०१९ चे, तर प्रश्न विचारायलाच हवेत.

उभ्या गाडीचे नेमके काय बिघडते, हे ग्राहकाला समजावून सांगता आले पाहिजे. इंजिन तापायच्या आत मंडई येते आणि गाडी बंद होते. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, गाळ धरतो. सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून कुजतो. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढते, मग मागचे व्हील सिलिंडर चिकटतात. एसी महिनोन्‌महिने लावलेला नसला की कॉम्प्रेसरचे सील सुकते आणि गॅस उतरतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, तेही पाणी ओढते. अर्धी टाकी भरून दोन महिने उभी राहिलेली जुनी गाडी सुरू करताना आधी पेट्रोल कसे आहे ते बघावे. टायमिंग बेल्टच्या गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या सँट्रोत, बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नव्हे तर वर्षांवरही बदलायचा असतो. चेनच्या गाडीला ही काळजी नाही. कोकणातली गाडी असेल तर ती लिफ्टवर घेतल्याशिवाय भाव बोलूच नये; खाऱ्या हवेने खालचा पत्रा आणि ब्रेकचे पाइप खाल्लेले असतात, आणि वरचा ओरिजिनल पेंट बघून माणूस हुरळतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगबद्दल इथे वेगळे लिहीत नाही. तो ज्याचा त्याचा अनुभव आहे.

किलोमीटरपेक्षा आरसीवरची तारीख आज जास्त बोलते. जून २०१२ मध्ये नोंदलेल्या खासगी गाडीची मुदत जून २०२७ मध्ये संपते. पुढे फिटनेस तपासणी, एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालेले नूतनीकरण शुल्क, पर्यावरण कर, आणि मग पाच वर्षांची मुदत. आपल्याकडे दिल्लीसारखा पंधरा वर्षांचा बडगा नाही, तरी तिकडच्या बातम्या वाचून ग्राहक घाबरलेला असतो. त्यात सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आल्याने नवी गाडी आवाक्यात आली, आणि आपल्या भावाची वरची मर्यादा खाली आली. मुदत लपवली तर ग्राहक ती टोकन देताना शोधून काढतो आणि तिथेच दहा हजारांनी भाव पाडतो. मुदतीची तारीख जाहिरातीतच द्यावी.

कागदांची एक अडचण याच गाड्यांत वारंवार येते. आरसीवर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ हयात नसतात. अशा वेळी एकोणतीस-तीसचे फॉर्म भरून गाडी थेट ग्राहकाच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म एकतीसने वारसाच्या नावावर करावी लागते. वारस दोन आणि त्यातला एक परदेशात असेल तर संमतीपत्र येईपर्यंत किती वेळ जाईल, ते खरेदीच्या दिवशीच धरावे. ज्यांनी २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे आरटीओकडून अधिकृत विक्रेत्याचे प्रमाणपत्र घेतले आहे त्यांनी गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद लगेच करावी. मधल्या काळात काही घडले तर जबाबदारी कुणाची, हा वाद राहत नाही.

आता गिऱ्हाइकाचे. रोज साठ किलोमीटर जाणारा, शेवटचा रुपया घासणारा माणूस या गाडीचा ग्राहक नाही. त्याला ऐंशी हजारवाली स्वस्त पडते, आणि ती सतत चाललेली असल्याने त्याला त्रासही कमी देते. ही गाडी घेतो तो मूळ मालकासारखाच कमी चालवणारा: नव्याने चालवायला शिकलेल्या ताई, घरातली दुसरी गाडी शोधणारे निवृत्त जोडपे. ते भाव थोडा जास्त देतात, पण प्रश्न खूप विचारतात. २०१९ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग आणि एबीएस नाहीत, हे त्यांना आपण आधी सांगावे; मुलाने अमेरिकेतून फोनवर सांगितले तर व्यवहार मोडतो. काय बदलले आणि काय बदललेले नाही, याचा बिलांसह एक कागद गाडीत ठेवावा. सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांची किंमत आपल्या लोकांना अजून कळलेली नाही. पावत्या हरवलेल्या गाडीला कमी रनिंगचे जादा पैसे मागू नयेत, असे आम्ही म्हणू.

आणि गाडी यार्डात लावण्याआधी तीनशे-चारशे किलोमीटर चालवावी. कात्रज, खंबाटकी, भर उन्हात एसी लावून. जे गळायचे, तापायचे, वाजायचे ते आपल्याच हातात असताना होईल. मीटर वाढतो म्हणून बरेच जण हे टाळतात. वाढू द्यावा, आणि जाहिरातीत वाढलेलाच आकडा टाकावा.