दशांशाचे टिंब आणि दुकानाचा तराजू

पाचवीच्या वर्गात दशांश अपूर्णांक सुरू झाले की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मुलास बेरीज येते, वजाबाकीही येते. मध्ये टिंब आले की मात्र सारे बिघडते. व्यापारी कुटुंबांत ही तक्रार अंमळ अधिक बोचते. पिढ्यान्‌पिढ्या खातेवही सांभाळणाऱ्या घरातील मुलाने अडीच आणि सव्वा यांची बेरीज चुकवावी, हे आजोबांना पटत नाही.

परंतु आजोबांच्या वडिलांचा हिशेब दशांशाचा नव्हताच. बीड-सोलापूर मार्गावरील चौसाळ्याच्या पेठेचे उदाहरण घ्या. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी अमलातील कलदार रुपया अशी दोन नाणी व्यवहारात असत. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या ९३३ ग्रॅमचा. त्या हिशेबात पाव, निम्मे, पाऊण यांचेच राज्य होते. वहीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या माणसास टिंबाची गरजच भासत नसे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमही आला. एक आणा म्हणजे नेमके ६.२५ नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणावे? म्हणून सरकारी कोष्टकात अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून द्यावा, अधिक असल्यास पूर्ण धरावा, असे ठरले. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. यातील गंमत पाहा : एकेक आणा सोळा वेळा बदलला तर ९६ नवे पैसे होतात, सोळा आणे एकदम बदलले तर १००. टिंबानंतरचा भाग सोडून दिला की तो कोठे तरी, कोणाच्या तरी पदरात पडतोच. मुलांना दशांश शिकवण्यास याहून चांगली गोष्ट मला सापडलेली नाही.

शाळेत बहुधा ‘टिंबाखाली टिंब मांडा’ हा नियम आधी सांगतात. नियम खरा आहे. पण कारणाविना सांगितलेला नियम परीक्षेपुरताच टिकतो. तूरडाळ २.५ किलो, साखर १.२५ किलो आणि जिरे ०.०७५ किलो यांचे एकूण वजन मुलास विचारा. पुष्कळ मुले टिंबाच्या डावीकडचे २ आणि १ मिळवून ३ करतात, उजवीकडचे ५, २५ आणि ७५ मिळवून १०५ करतात आणि उत्तर लिहितात ३.१०५. खरे उत्तर ३.८२५ आहे. फरक ७२० ग्रॅमचा!

चूक बेरजेत नाही, स्थान ओळखण्यात आहे. टिंबानंतरचे पहिले घर दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे. किलोच्या भाषेत पहिले घर शंभर-शंभर ग्रॅमचे, दुसरे दहा-दहाचे, तिसरे एकेक ग्रॅमचे. म्हणून २.५ मधील ५ म्हणजे पाच ग्रॅम नव्हेत, पाचशे ग्रॅम. रिकाम्या घरांत शून्ये भरून २.५००, १.२५०, ०.०७५ असे लिहिले की नेहमीची बेरीज उरते. हातचाही नेहमीसारखाच डावीकडे जातो.

पूर्वी पालक रुपये-पैशांवरून दशांश समजावीत. आता तो मार्ग अपुरा आहे. २५ पैसे व त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मुलांनी पैसा पाहिलेलाच नाही. शिवाय पैशांची घरे नेहमी दोनच असल्याने ०.१२५ हे ०.५ पेक्षा मोठे, अशी समजूत रुजते, कारण १२५ ही संख्या ५ हून मोठी दिसते. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा मात्र तीन घरे दाखवितो. मुलास त्यासमोर उभे करा, आधी १२५ ग्रॅम साखर ठेवा, मग ५००. पुढचे सांगावे लागत नाही. तीन किलो पन्नास ग्रॅम म्हणजे ३.०५०, ३.५ नव्हे, हेही तेथेच कळते. हा फरक ४५० ग्रॅमचा आहे. कमीअधिक मापाने देणे-घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. अजाणता झालेल्या चुकीस तो शब्द लागू नसला, तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत माल कमीच पडतो.

वजाबाकीसाठी दुकानदाराची सुटे परत देण्याची रीत वापरावी. ५ किलोतून १.३७५ किलो गेले. १.३७५ मध्ये ०.०२५ घातले की १.४, त्यात ०.६ घातले की २, आणखी ३ घातले की ५. घातलेले सारे मिळवले की ३.६२५. ही रीत जमल्यावर ५.००० लिहून उसने घेण्याची शाळेतील रीत करून घ्यावी. उत्तर तेच येते, हे पाहून मुलांना आनंद होतो.

जाता जाता एक. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात अपूर्णांकांचा सविस्तर विचार आहे, पण तो अंश आणि छेद यांच्या रूपात. युरोपात दशांशांचा प्रसार झाला तो सायमन स्टेव्हिन यांच्या १५८५ मधील पुस्तिकेनंतर. मोठमोठ्यांचे टिंबावाचून भागले. पाचवीतल्या मुलास चार दिवस अधिक लागले तर रागावू नये.

या वेळचे हिशेब : (१) ४.५, ०.७५ आणि १.००५ किलो मिळून किती? (२) १० किलोच्या डब्यातून ३ किलो ८० ग्रॅम तेल काढले, उरले किती? (३) वरील सरकारी नियमाने सात आणे व नऊ आणे वेगवेगळे बदलले, तर नवे पैसे एकूण किती मिळतील? उत्तरे : ६.२५५ किलो, ६.९२० किलो, आणि ४४ अधिक ५६, म्हणजे पूर्ण १००. येथे तोटा का झाला नाही, ते मुलांनाच शोधू द्यावे.