वीज कुणाच्या छपरावर?

ऊर्जा, सौर, चूल हे विषय काढले की चळवळीतली पोरं म्हणतात, हे आपलं नाही. आधी शिष्यवृत्ती, आधी अत्याचार. आम्हाला हे मान्य नाही. 1943 साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेब देशाच्या वीजधोरणावर बोलत होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी. आपण जयंतीला त्यांचे फोटो लावतो, हे भाषण मात्र वाचत नाही.

म्हणून अमूल्य रेड्डी (1930-2006) यांची कारकीर्द माहीत असावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले हे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. बॉक्रिस यांच्यासोबतचं त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर गाजलं. तेवढ्यावर आयुष्य सुखात गेलं असतं. पण 1974 मध्ये त्यांनी संस्थेत 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला आणि तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात सरपण, शेण, माणसांचे श्रम, सगळं मोजायला घेतलं. गावाची बहुतेक ऊर्जा कारखान्यात नाही, पंपावर नाही, चुलीत जाते. आणि ती गोळा करण्यात बायापोरांचे तास जातात. आपल्या आयांना हे सांगायला प्राध्यापक लागत नव्हता. सरकारला मात्र आकडे लागतात.

घरगुती गोबरगॅसचं अनुदान गुरं असणाऱ्यालाच मिळतं, भूमिहीनाला नाही, म्हणून त्यांच्या गटाने सामूहिक संयंत्राचा आग्रह धरला. पुरात स्वयंपाकाला गॅस पुरेना, तेव्हा त्याच गॅसवर इंजिन चालवून नळाचं पाणी आणि घरात दिवे दिले. पुढे त्यांनी वीजनियोजनच उलटं केलं: किती मेगावॅट हवेत हे आधी ठरवू नका, कुणाला कोणती सेवा हवी ते विचारा, बचतीतून किती भागतं ते बघा, मग केंद्रं बांधा.

आता हाच प्रश्न आजच्या योजनेला लावा. 2024 ची पीएम सूर्यघर योजना छपरावरच्या सौर पॅनेलला 78 हजारांपर्यंत अनुदान देते. पण छप्पर स्वतःचं किंवा मालकाच्या परवानगीचं हवं, पॅनेलचं वजन पेलणारं हवं, मीटर नावावर हवा. गायरानावरच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, भाड्याच्या चाळीत राहणाऱ्याने काय करायचं? गुरं नसलेल्याला गोबरगॅस नाही, छप्पर नसलेल्याला सूर्य नाही. सूर्य तरी सगळ्यांचा असतो म्हणतात!

ग्रामसभेत मागणी करा: समाजमंदिराच्या, शाळेच्या छपरावर सामूहिक पॅनेल, आणि त्या विजेचा वाटा वस्तीतल्या मीटरांना. पीएचडीला विषय शोधणाऱ्या मित्रांनो, रेड्डींनी चूल मोजली. ती चूल कुणाची, हा जातीचा रकाना तुम्ही जोडा. सर्वेक्षणाची सुरुवात आपल्याच वस्तीतून होऊ शकते, त्याला कुणाच्या फेलोशिपची वाट बघायची गरज नाही.