निसर्गाचा पैसा आणि वहीतला हिशेब

जंगले वाचवा, पशुपक्षी वाचवा, अशी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. पण त्यासाठी पैसा कुणी द्यायचा हा प्रश्न निघाला, की भल्याभल्यांच्या तोंडाला कुलूप लागते.

१९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. झाडेझुडपे, मासे, कीटक, बी-बियाणे अशी सारी जीवसृष्टी त्यात आली. तिचे मोठे भांडार गरीब देशांत आहे. म्हणून विकसित देशांनी त्यांना जादा पैसा द्यावा, असे कराराच्या २० व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. कुणी याला मदत म्हणतो, कुणी दान म्हणतो. आम्ही याला देणे म्हणतो.

हा पैसा वाटते ती ‘जागतिक पर्यावरण सुविधा’ नावाची संस्था. कचेरी वॉशिंग्टनला. तिथे एकमत झाले नाही, तर ठरावाला ६० टक्के सभासद देश हवेत आणि ६० टक्के वर्गणी भरणारेही हवेत. म्हणजे गरीब देशांनी कितीही हात वर केले तरी पैसेवाल्यांनी मान हलवल्याखेरीज काही होत नाही. आपल्या पतपेढीत शंभराचा भागधारक असो की लाखाचा, मत एकच! म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत आफ्रिकेतल्या काँगोच्या प्रतिनिधीने वेगळा निधी मागितला आणि मसुद्याला हरकत घेतली. तरीही अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला.

त्या ठरावात गरीब देशांना २०२५ पर्यंत वर्षाला २,००० कोटी डॉलर आणि २०३० पर्यंत ३,००० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आहे. श्रीमंत देशांच्याच ओईसीडी या संघटनेने २०२२ सालाचा आकडा १,५४० कोटी डॉलर दाखवला. त्यातही काही रक्कम कर्जाऊ. वही लिहिणारा माणूस कर्ज कधी ‘मदत’ या खात्यात टाकील काय? २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरी परिषद इतकी लांबली, की प्रतिनिधी विमाने गाठायला निघून गेले, गणसंख्या उरली नाही आणि पैशाचा विषय तसाच राहिला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला पुन्हा घ्यावा लागला.

पण पैसा योग्य हातांत पडला तर काय होते, हे आपल्या सिंधुदुर्गात दिसले. याच संस्थेच्या निधीतून तिथल्या किनाऱ्यावर प्रकल्प झाला. वेंगुर्ल्याच्या बचतगटातील भगिनींनी खारफुटीत होडीची सफर सुरू केली. खेकडापालन झाले. ट्रॉलरच्या जाळ्यांना चौकोनी आस लावली, त्यातून लहान मासळी निसटून पुढे वाढते. जंगल राखायचे म्हणून माणसाला हाकलावे लागले नाही.

वाचकहो, आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिचा स्थानिक निधी ठरवून दिला आहे. २००४ च्या केंद्रीय नियमांत समितीवर किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सभासद असावेत असे घातले होते. सुटीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन एवढे विचारा : समितीवर आपल्या वस्तीतले कोण आहे, आणि निधीच्या खात्यावर आजवर काय जमा झाले? उत्तर तोंडी घेऊ नका, वही पाहायला मागा.