लेखणीस कुंपण कशाला?

स्वैर लेखनाविरुद्ध सध्यां एक नवें सोंवळें निघालें आहे. एकच गृहस्थ एकाच बैठकींत नुकत्याच वाचलेल्या कादंबरीविषयीं चार शब्द लिहितो, तेथून काल ऐकलेल्या मैफलीकडे वळतो, मध्येंच बुद्धिबळाच्या एखाद्या डावाची गोष्ट काढतो आणि शेवटीं देशाच्या अंदाजपत्रकावर अभिप्राय देऊन मोकळा होतो. हें पाहिलें कीं आमच्यांतील कित्येक विद्वानांच्या कपाळास आठ्या पडतात. ‘ह्यांचा अधिकार कोणता?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ग्रंथांविषयीं समीक्षकानें बोलावें, गाण्याविषयीं गवयानें, खेळाविषयीं खेळाडूनें आणि राज्यकारभाराविषयीं अर्थशास्त्रज्ञानें; इतरांनीं ऐकावें व माना डोलवाव्या, असा हा एकंदर कायदा आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो मराठी भाषेस व मराठी घरांस अपायकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट ही कीं, ज्या निबंधवाङ्मयाचा हे विद्वान अभिमान बाळगतात, त्याचा जन्मच अशा स्वैर विचारांतून झाला आहे. फ्रान्समधील मोंतेन यानें १५८० सालीं आपले निबंध छापले, तेव्हां त्यांस जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा आहे, ‘सिद्धांत’ असा नाहीं. ॲडिसन व स्टील यांचें ‘स्पेक्टेटर’ पत्र १७११ सालीं लंडनांत निघूं लागलें. त्यांत नाटकगृह, पोषाख, मिल्टनचें काव्य आणि कॉफीच्या दुकानांतील गप्पा हीं सर्व एका कल्पित गृहस्थाच्या नजरेनें पाहिलेलीं आहेत. आमच्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली व तिचे चौऱ्याऐंशी अंक काढले. ते बहुतेक एकट्याच्या लेखणीचे. विषय मात्र भाषेपासून देशस्थितीपर्यंत. त्यांस अधिकाराचा दाखला कोणत्या कचेरीनें दिला होता?

दुसरी गोष्ट अशी कीं, ज्यांचा अधिकार आज निर्विवाद आहे, त्यांनींही हीं कुंपणें कधीं पाळलीं नाहींत. पंडित भातखंडे यांचा व्यवसाय वकिलीचा. पण रागांची दहा थाटांतील त्यांची मांडणी आज संगीत विद्यालयांतून शिकविली जाते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’चे संपादक, १९२३ सालीं त्यांनीं ‘नवाकाळ’ काढला. त्याच राजकारणी लेखणींतून १९११ सालीं ‘मानापमान’ आणि १९१६ सालीं ‘स्वयंवर’ हीं संगीत नाटकें उतरलीं. प्राध्यापक दि. ब. देवधर पुण्यास संस्कृत शिकवीत, आणि त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. ‘आपलें एकच क्षेत्र धरून बसा’ असा उपदेश ह्या तिघांनीं ऐकला असता, तर महाराष्ट्र किती दरिद्री झाला असता!

येथें कोणी म्हणेल कीं, हीं थोर माणसें. त्यांचें उदाहरण सामान्यांस कसें लागू पडावें? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु खाडिलकरांचीं नाटकें पाहावयास जो समाज रात्र रात्र जागला, तो गवयांचा नव्हता. त्यांत शिक्षक होते, कारकून होते, दुकानदार होते. आणि दुसऱ्या दिवशीं ओटीवर बसून त्यांतील पदांविषयीं ते मनमोकळेपणें वाद घालीत. अशा बहुरस श्रोत्यांवांचून थोर माणसें उभीं राहत नाहींत. आज त्या ओटीवरचा वाद बंद करावयाचा आणि उद्यां थोर माणसें कां निपजत नाहींत म्हणून गळा काढावयाचा, हा कोणता न्याय?

एक गोष्ट आम्ही मोकळेपणें कबूल करतों. जेथें चुकीच्या शब्दानें दुसऱ्याच्या जिवास अगर मालमत्तेस धोका आहे, तेथें स्वैर लेखन नको. रोग्यास औषध सांगावयाचें तर वैद्यच हवा, आणि दस्तऐवजाचा अर्थ लावावयाचा तर वकीलच हवा. जें माहीत नाहीं तें माहीत असल्याचा आव आणणारा लेखक निषेधास पात्रच आहे. परंतु ‘हें मला आवडलें, तें खटकलें, आणि त्याचें कारण हें’ असें म्हणण्यास दाखला कशाला? तेथें प्रामाणिकपणा पुरे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आमच्या भाषेनें स्वतः हीं कुंपणें कधींच मानलेलीं नाहींत. राजकारणांत आम्ही शह-काटशह म्हणतों, ते शब्द बुद्धिबळाच्या पटावरचे. दोघांचें पटलें तर सूर जुळले म्हणतों, ते गाण्यांतले. केंद्र सरकारनें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु अभिजातपणा दप्तरांत राहतो, भाषा जिभेवर राहते. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जुलै २०२५ मध्यें बाटुमी येथें कोनेरू हंपीस हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची कथा मराठी घरांत, जेवणाच्या पानावर, मराठींत रंगली पाहिजे. ती सांगावयास ग्रँडमास्टरच हवा असें म्हटलें, तर घरोघर ती सांगणारें कोणीच उरणार नाहीं. मुलें ती इंग्रजींत वाचतील, आणि हळूहळू आपलीं आवडनिवडही परभाषेंतच बोलूं लागतील. अधिकाराच्या ह्या सोंवळ्याची खरी किंमत ती हीच.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें कीं, आठ्यांस भिऊं नका. पुस्तक वाचलें तर त्याविषयीं चार ओळी लिहा, गाणें ऐकलें तर घरांत त्यावर भांडा, खेळ पाहिला तर त्याचें वर्णन करा, आणि राज्यकारभार खटकला तर कां खटकला तें सांगा. चुकाल तेव्हां जाणता मनुष्य चूक दाखवील. ती निमूटपणें सुधारून घ्या. चुकलेलें वाक्य दुरुस्त करतां येतें; न लिहिलेलें वाक्य दुरुस्त करण्याची सोय अजून कोणत्याही विद्वानास सांपडलेली नाहीं.